नडगीचा मधला तुकडा

माझा मुलगा राजवीर तान्हा होता आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद, म्हणून मी झुरळ घरी आणलं. काचेच्या बरणीत, तोंडाला मलमल बांधून.

"लोकं झुरळं मारायला औषध आणत्यात," सासूबाई शेजारच्या शालूबाईंना सांगत होत्या, "आमची सून त्येला बिस्किट चारत्या."

झुरळाच्या त्या पिल्लावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं. त्याच्या मागच्या उजव्या पायाच्या नडगीचा मधला तुकडा मी कापून काढला होता आणि खालचा भाग थेट वरच्या भागाला जोडला होता. पाय आखूड झाला. प्रश्न एवढाच, की मधलं काहीतरी गेलंय हे पेशींना कळेल का, आणि त्या ते भरून काढतील का? परदेशातल्या जुन्या लेखांत कळतं असं होतं. माझ्या हातून मात्र बाकीची सगळी पिल्लं मेली. हे एकच जगलं. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक धम्मपाल सर सरळ म्हणाले होते, "सुट्टीनंतर भरलेला पाय दाखवा, मग हाच विषय. नाहीतर तळ्यातल्या माशांवर काम घ्या. घरी लहान मूल आहे, किती दिवस असे घालवणार?"

पाय भरला की नाही, हे कात टाकल्याशिवाय दिसत नाही. आणि हे कातच टाकेना. त्याच्या वयाची, धडक्या पायांची पिल्लं कधीच टाकून मोकळी झाली होती.

माझा नवरा जोतीराम शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, बनवतो. राजवीरला खांद्यावर टाकून तो बरणीत डोकावला. "ह्यात पॅटर्न न्हाय, ड्रॉइंग न्हाय. कुठं थांबायचं ते सांगतंय कोण?"

"कोणीच नाही. प्रत्येक पेशीला फक्त आपली जागा ठाऊक. कारखान्यावर उसाच्या गाड्या नंबरानं लागतात ना? तिसरीच्या मागं एकदम आठवी दिसली तर?"

"बोंब हुईल की! मधल्या गेल्या कुठं?"

"तसंच. शेजारी भलताच नंबर दिसला की पेशी वाढायला लागतात. मधले नंबर भरले की गप्प."

"आणि तवर बाकीचं अंग?"

"थांबतं. एका पायासाठी अख्खं अंग कात टाकणं लांबवतं."

"आयला! आमच्यात एका माणसासाठी शिफ्ट थांबत न्हाय."

भाऊबीजेच्या सकाळी न्हाऊन आले, तर ओट्यावर बरणी नाही. राजवीरला आंघोळीनंतर जिथं शेकायचो, त्या खोलीत ती शेगडीला टेकून ठेवलेली, आणि सासूबाई पदरानं निखाऱ्यांना वारा घालतायत.

"आत्याबाई! काय करताय?"

"वरडू नगं. बाळंत झालंय ते! आई मेली बिचारी, ती बघ, वाळून पडल्या. पिल्लू पांढरंफटक हाय, थंडी वाजत असंल म्हणून शेक देतो. धुरी बी दिली असती, पर ओवाच संपलाय."

ओवा संपला होता म्हणून धुरी तरी टळली. मी बरणी उचलून खिडकीत नेली. काच चांगलीच तापली होती. मेलेली आई म्हणजे रिकामी कात. तिच्या शेजारी ते, नव्या कातडीनं सायीसारखं पांढरं, मऊ, निपचित. राजवीर जन्मल्यावर रडेपर्यंत जसा माझा जीव अडकला होता, तसाच आत्ता अडकला.

मग एक मिशी हलली. दुसरी हलली. हळूहळू त्यानं पाय ताणले.

मी भिंग धरलं. डावी नडगी. उजवी नडगी. मधला तुकडा तिथं होता! काटे जरा विरळ, लांबी डाव्यापेक्षा केसभर कमी. पण भरला होता, आणि भरून थांबला होता. कुणी मोजलं नाही, कुणी बस म्हटलं नाही. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशींनी शेजाऱ्यापाशी शेजारी जुळवत तो एवढा नेमका केला होता.

"ती आई नव्हती, आत्याबाई. त्याचंच जुनं अंग. बघा, कातीतला पाय तोकडा आहे, आणि ह्याचा बघा."

सासूबाईंनी भिंगाला डोळा लावला. पाळण्यात राजवीर रडायला लागला, तरी त्यांचं भिंग सुटेना.

"कापलेलं तेवढंच आलंय व्हय? जास्त न्हाय, कमी न्हाय?" त्या पुटपुटल्या. मग भिंग माझ्या हातात देऊन पाळण्याकडं वळल्या. "पोराला मी बघतो. तू आधी सरास्नी फोन लाव. म्हणावं, मासं दुसऱ्या कुणाला तरी द्या."