लंगरचं खरं नाव

दिवाळीची सुट्टी लागली आणि वापीच्या एका प्लेग्रुपने हेतला गृहपाठ दिला.

हेतला दोन वर्षं नुकतीच पुरी झाली होती. पायातला मोजा त्याला काढता यायचा, घालता यायचा नाही. चांदोबा दिसला की बोट वर करून तो 'अं' म्हणायचा. तहान लागली तरी 'अं', डायपर जड झालं तरी 'अं'. याउपर त्याचं कुठल्याच भाषेशी देणंघेणं नव्हतं. गृहपाठ असा होता: माय फॅमिली, माय फेस्टिव्हल, माय पेट. तिन्हींचा मिळून एक व्हिडिओ, आणि त्यात मुलाने निदान एक शब्द स्पष्ट उच्चारलेला हवा. शब्द कोणताही चालेल, असं मॅडमनी मोठ्या मनाने लिहिलं होतं. जूनमधली जागा त्यावरच पक्की होणार होती.

शाळेचं खरं तर निमित्त. हेतच्या आईला, रूपलला, एक हाक हवी होती. डॉक्टरांनी कान बघितले, जीभ बघितली, सगळं जागच्या जागी आहे म्हणाले, वाट बघा म्हणाले. ती बघतच होती. पण आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणाचं तरी पोर बोलायचं. कुणी रंग सांगायचं, कुणी फळं, एक तर डायनासोरच्या जाती सांगायचं. रूपल सगळ्यांना टाळ्या पाठवायची, मग फोन पालथा घालून हेतच्या ओठांकडे बघत बसायची. चुकून तरी 'मम्मी' निसटेल म्हणून.

"झाईला, आपल्या गावी चल," नवरा हितेश म्हणाला. "तिकडे माणसं आहेत. माणसांत पोरगं बोलेल."

झाईला माणसं होतीच. फक्त त्यातल्या प्रत्येकाला हेतच्या तोंडून आपलंच नाव ऐकायचं होतं, हे हितेशच्या ध्यानात आलं नव्हतं.

घर समुद्राला तोंड करून. अंगणापुढच्या वाळूत बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या ताणलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. वारा आला की ती सगळी रांग अशी डुलायची, जशा सणाला आलेल्या माहेरवाशिणी हातात हात गुंफून फेर धरतात. त्या फेराच्या मधोमध हितेशची आई चंद्रावती, पदर खोचून उभी. आणि तिच्यापासून बेताच्या अंतरावर एक तांबूस कुत्रा, बोंबलांकडे अशा नजरेने बघणारा, जशी नवस बोललेली बाई देवाकडे बघते.

कुत्र्याचं नाव लंगर. ते सासऱ्यांनी, नारूने, ठेवलेलं. जिथे बसेल तिथून हलत नाही म्हणून.

पहिल्याच दिवशी हेतच्या जिभेची निवडणूक लागली. चंद्रावतीने त्याला कडेवर घेऊन 'आ-जी' सुरू केलं. डहाणूच्या कॉलेजात शिकणारी हितेशची बहीण किंजल दुसऱ्या कानाशी 'आत्या' घेऊन उभी राहिली. नारू 'आजोबा' मोठा शब्द पडतो म्हणून 'बा'वर तडजोड करायला तयार होता, पण उंबरगावहून रूपलच्या आईने व्हिडिओ कॉल करून ती जागा आधीच अडवली. "बा तो हूं छूं," ती म्हणाली; गुजरातीत आजीलाच बा म्हणतात. हितेशचं म्हणणं, चार भाषांच्या गोंधळात पोरगं गांगरलंय, तर सगळ्यांनी काही दिवस एकच भाषा बोलावी. कोणती, यावर जेवणं होईपर्यंत चर्चा चालली. मराठीत, गुजरातीत, आणि रागावल्यावर हिंदीत.

हेत बोंबलांकडे बोट दाखवून म्हणाला, "अं."

"बघ, आजी म्हणाला," चंद्रावती म्हणाली.

"आई, तो अं म्हणाला," रूपल म्हणाली.

"आजीची सुरवात तिथनंच होते गो."

मग नातवाला मांडीवर थोपटत, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने, तिने ओळ धरली:

*बोल येईना ओठाला, बाई, घाई गं कशाची*
*खाडी पाहते वाट, तिच्या वेळेला भरतीची*

रूपलला ओळ आवडली. पण भरतीची वेळ नारूला तरी ठाऊक असते, असं तिच्या मनात आलं, आणि तिने फोन पालथा घातला.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी शूटिंग ठरलं. पहाटे हेतला उटणं लागलं, आणि माय पेटसाठी लंगरला रूपलचा स्ट्रॉबेरीचा शाम्पू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच आंघोळ घडलेला लंगर सुटला तो थेट वाळूत जाऊन लोळला, मासळी टाकतात तिथे. परत आला तेव्हा त्याला स्ट्रॉबेरी आणि सुक्या बोंबलाचा असा काही वास येत होता की किंजलने नाकाला ओढणी बांधूनच कॅमेरा धरला. त्याच्या गळ्यात लाल रिबनीचा बो बांधला. फॅमिली रांगोळीमागे उभी राहिली. फेस्टिव्हल म्हणून करंज्यांचं ताट पुढे आलं. राहिला पेट.

"लंगर, कम," रूपल म्हणाली. "कम हिअर, लंगर."

लंगर समुद्राकडे बघत होता.

"त्याला इंग्लिश येत नाही," नारू म्हणाला.

"नाव तर कळतं ना, बाबा?"

नारूने जरा विचार केला. "नाव मी ठेवलंय. त्याला अजून सांगितलं नाही."

इतक्यात पलीकडे चंद्रावतीचं लक्ष दोरीकडे गेलं आणि तिने सवयीने हात वर केला. "हाड रे, हाड." लंगर बाणासारखा सुटला, तिच्या पायाशी जाऊन शेपूट हलवू लागला. तिने खाली गळून पडलेला एक बोंबील उचलून लांब भिरकावला. लंगर त्याच्यामागे गेला. व्हिडिओत कुत्र्याचा फक्त पार्श्वभाग आला. हेतने मात्र हे सगळं मान वळवून वळवून, तोंड उघडं ठेवून बघितलं, जसं ग्रुपवरची पोरं कार्टून बघतात. हे त्याला इथे दिवसभर बघायला मिळायचं. किती भाषांत लोक त्याच्या कानाशी लागले होते, पण घरात सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात ठसक्यात म्हटला जाणारा शब्द एकच होता.

पाडव्याला जिग्नेश आला.

जिग्नेश हितेशचा लांबचा चुलतभाऊ. येत्या निवडणुकीत उभा राहणार होता. तसं अजून कुणी त्याला उभं केलं नव्हतं, पण नाक्यावर तो बॅनरवर कधीपासूनच उभा होता, हात जोडून. आता घरोघर उटण्याची पाकिटं वाटत होता. पाकिटावर त्याचाच फोटो, त्यामुळे उटणं फोडायचं तर त्याच्या कपाळापासून फाडावं लागायचं. पहिली आंघोळ होऊन गेली होती, पण शुभेच्छांना कुठे मुदत असते. बरोबर कॅमेरावाला होता.

"काकी, दिवाळीच्या शुभेच्छा. नारूकाका, तब्येत काय म्हणते? आणि हा आपला छोटा मतदार का?"

"दोन वर्षांचा आहे," हितेश म्हणाला.

"भविष्य आहे, भविष्य." जिग्नेशने हेतला उचलून घेतलं, गाल गालाला लावला, सगळे दात दाखवले आणि मान तिरकी करून कॅमेऱ्याकडे बघितलं. हेतने त्याला जवळून न्याहाळलं. ते हसणं, ती तिरकी मान, ती आशेने भरलेली नजर. त्यात त्याला काहीतरी फार ओळखीचं दिसलं असावं. त्याने जिग्नेशच्या गालावर हात ठेवला आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला. खणखणीत.

"हाड."

कॅमेरा चालू होता. किंजलचाही.

सगळ्यात आधी चंद्रावतीला आनंद झाला. "बोलला," ती म्हणाली. "अगो, पोर बोलला माझा." आणि ताटातली करंजी उचलून तिने समोरच असलेल्या तोंडात कोंबली. ते तोंड जिग्नेशचं होतं. त्याला हाड म्हटल्याबद्दल त्याचंच तोंड गोड होत होतं, आणि करंजी घशात असल्याने हसत राहण्याखेरीज त्याला काही करता येईना. नारू पाठ करून होडीकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

"मुलं म्हणजे देवाघरची फुलं," करंजी गिळून जिग्नेश म्हणाला आणि कॅमेरावाल्याला हळूच म्हणाला, "हे डिलीट मार."

तो गेल्यावर रूपल आत जाऊन बसली. चंद्रावती तिच्यासाठी करंजी घेऊन आली.

"खा गो. तोंड गोड कर."

"दोन वर्षं मी मम्मी, मम्मी करतेय, आई. आणि पोरगा बोलला काय, तर हाड." तिने डोळे पुसले. "उद्या मलाही म्हणेल. आजपासून ह्या घरात हा शब्द कुणी काढायचा नाही."

सणाला सून रडली म्हणून घराने ते मानलं. त्या घडीपासून कुत्र्याला हाकलायला शब्द उरला नाही. चंद्रावती "जा बाबा" म्हणाली. हितेश "चल, निघ" म्हणाला. किंजलने "कृपया अंतर राखा" म्हणून बघितलं. लंगरने एकाकडेही वळून बघितलं नाही. तो लांब वाळूत ओढून ठेवलेल्या होडीखाली जाऊन पडला, गळ्यात मळका लाल बो, दोन पायांत तोंड. बोंबलांवर कावळे उतरले तरी उठला नाही.

"त्याला वाटतंय आपण अबोला धरलाय," नारू म्हणाला.

भाऊबीजेच्या सकाळी रूपलच्या फोनवर मॅडमचा मेसेज आला. खाली लाल बदामांची रांग. हेतची जागा पक्की होती. इतका स्पष्ट उच्चार, इतका गोड शब्द. घरी काय शिकवता, ते इतर पालकांनाही सांगा, असं मॅडमनी लिहिलं होतं.

रूपलने नणंदेला गाठलं. "काय पाठवलंस तू?"

"आपल्या व्हिडिओला जिग्नेशदादाचा तुकडा जोडला," किंजल म्हणाली. "खाली फक्त लिहिलं, बेबी सेज हार्ट."

ग्रुपवर बाकीच्या आया टाळ्या पाठवत होत्या. डायनासोरवालीने विचारलं, कोणतं ॲप वापरता? रूपलने फोन पालथा घातला. जागा मिळाली होती. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला असं ती सगळ्यांना सांगत होती, ते मिळालं होतं, आणि तिला कुणी अजून हाक मारली नव्हती. ती आत जाऊन बॅग भरू लागली. दुपारी उंबरगावला भावाकडे ओवाळायला जायचं, तिथूनच वापी.

हेतचा एका पायाचा मोजा सापडेना. तो शोधत ती दारापर्यंत आली आणि थांबली.

बोंबलांच्या दोऱ्यांखाली हेत उभा होता, एका पायात मोजा, हातात बिस्किट. लांब होडीखाली लंगर पडला होता. हेतने त्याच्याकडे बघितलं, मग आजीसारखा एक हात वर केला, आणि हाकलताना असतो तसा नाही, ओट्यावरून आई पोराला जेवायला बोलावते तसा, लांबवून, लडिवाळ आवाजात म्हणाला, "हाऽड."

होडीखाली कान उभे राहिले. लंगर उठला, अंग झाडलं आणि वाळू उडवत आला. हेतने त्याला अर्धं बिस्किट दिलं, त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिथेच, केसांत, पुन्हा म्हणाला, "हाड. हाड." लंगर डोळे मिटून उभा राहिला. मग बिस्किट खायला होडीकडे गेला.

"आई," रूपलने हळूच विचारलं, "हाड म्हटल्यावर कुत्रा जवळ कसा येतो?"

दोरीवर बोंबील अडकवत चंद्रावती म्हणाली, "येतोच. रोज येतो."

"पण हाड म्हणजे जा ना?"

"तर काय. मी म्हणते जा, की तो येतो. आला की मी बोंबील टाकते, मग जातो." हातातला बोंबील हातातच राहिला. बऱ्याच वर्षांचं काहीतरी तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. "अगो बाय माझे."

"तरीच," नारू जाळ्यातून मान वर न करता म्हणाला. "मी लंगर लंगर करतोय, आणि तो म्हणत असेल, हा म्हातारा कुणाला बोलावतोय."

रूपल पोराकडे बघत होती. आजी शिकवत होती, आत्या शिकवत होती, ती स्वतः फोनवर चित्रं दाखवून शिकवत होती. आणि त्याने आपला आपण, कुणी न शिकवता, डोळ्यांनी बघून एक शब्द उचलला होता: जो म्हटला की कुणीतरी असेल तिथून धावत येतं. त्याच्या हिशेबाने त्यात काही चुकलं नव्हतं.

हेत वळला. दारात त्याला आई दिसली, हातात अर्धी भरलेली बॅग धरलेली. त्याने उरलेलं बिस्किट पुढे केलं, दुसरा हात वर केला.

"हाऽड."

"ओ," रूपल म्हणाली.

बॅग उंबऱ्यात पडली. ती वाळूतून धावली, आणि पलीकडून, होडीकडून, लंगरही धावला. हाक त्यालाही आपलीच वाटली होती. चंद्रावतीने त्याला अडवायला सवयीने हात वर केला, तोंड उघडलं, आणि मिटलं.

कारण तिने काही म्हटलं असतं, तर तो हेतला सोडून तिच्याकडे गेला असता.