रेतीतला रोवणा

रेतीत रोवणा करून आली म्हणून एकोडीतले लोक मले अजून हासतात. हासा म्हणावं. ज्यानं दिवसभर वाकून उलटं चालून पाह्यलं नाई, त्याले काय समजते?

मी कुंताबाई. तीस वर्सं झाली, धान रोवणाऱ्या बायांची टोळी चालवते. चिखलात ओळीनं उभं राहायचं, जुडीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, दोन-दोन तीन-तीन रोवत मागं सरकायचं, अन् टाचेले धुरा लागला का थांबायचं. धुरा म्हणजे बांधीचा, धानाच्या वावराचा, बांध. मागं वळून पाहाचं कामच नाई, टाचेले सगळं समजते. पण या पावसाळ्यात गावात रोवणा कराची मशीन आली. मी बायांले निरोप देत राहिली, उद्या निघू, परवा निघू, अन् आम्हाले कोणी बोलावलंच नाई. मले लय लागलं ते. समोरच्या बांधीत ती मशीन टकटक रोवत राहे अन् मी दारात बसून तिच्या चुका काढत राहू.

दिवाळीनंतर दामिनी आली. ही माह्या लहान बहिणीची पोरगी, नागपूरले चित्रकला शिकली. ती सांगे का राजस्थानात वाळवंटात कलेचा मोठा मेळा भरते. तिथं लोक मिळून कँप टाकतात, अन् एकेक कँप एकेका गोष्टीचा. कोणाचा आरशांचा, कोणाचा पतंगांचा. विकणं-घेणं काही नाई. जे आणलं ते सगळ्यांसाठी, अन् नुसतं पाहात बसाले मनाई, जो आला त्यानं हात लावायचा. मी म्हटलं, हे तर आपल्या लग्नाच्या मांडवासारखं झालं. ती म्हणे, अगदी तसंच. तिच्या कँपले जागा भेटली होती. तिले त्या रेतीत धानाची बांधी उभी कराची होती.

"मोठीमाय," ती म्हणाली, "रोवाले तुझी टोळी पाहिजे."

टोळी पाहिजे. पावसाळाभर मी एवढंच ऐकाले बसली होती. मी तिले चहासुद्धा विचारला नाई, तशीच उठून टोळीतल्या ललिताबाईच्या घरी पळाली.

आमच्या घरचे, यादोराव, पोट धरून हासले. रेतीत कधी रोवणा होते का, म्हणे, उंट हासतीन तुम्हाले. मी म्हटलं, हासू द्या, तुमच्यापेक्षा तरी बरे हासतीन. पण दुसऱ्या दिवशी बांबू चिराले सगळ्यात आधी तेच बसले. माह्या अंगणात महिनाभर तेच काम. बांबूची बारीक काडी, तिले हिरव्या साडीच्या तीन पट्ट्या, झाला पऱ्हा. गावात जुनी हिरवी साडी म्हणून उरली नाई. टोळीतली सगळ्यात म्हातारी जनाबाई, तिनं लग्नातलं हिरवं लुगडं आणलं. राहू दे वो, मी म्हटलं. तर म्हणे, पेटीत कायले सडू देऊ? अन् स्वतःच्या हातानं टरकन फाडलं.

वरठीले आम्ही सहा बाया, दामिनी अन् नऊ पोती गाडीत चढलो. टीसीनं विचारलं, यात काय आहे? ललिताबाई म्हणे, पऱ्हे. त्यानं पोतं उघडून पाह्यलं, आमच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् मुकाट्यानं पुढं गेला. आम्ही हासून हासून बेजार झालो.

अन् ते वाळवंट! मायबाई, नजर पुरे ना. कुठं दोनमजली लाकडी मासा, कुठं शंभर आरसे टांगलेले. एक जण उगाच माह्या हातात गरम जिलेबी ठेवून गेला, नाव नाई विचारलं. आम्ही सहाही बाया पोट्ट्यांवानी धावत फिरलो. जनाबाईच्या गुडघ्यांचं दुखणं त्या दिवशी कुठं गेलं देव जाणे.

आमच्या जागेभोवती चुन्याची रेघ मारली होती. जागेचा कारभार पाहणारा योगेंद्र नावाचा माणूस आला अन् त्यानं हिंदीत बजावून सांगतलं का ज्या कँपची वस्तू रेघेबाहेर गेली, तो कँप त्याच दिवशी बंद, सामान बांधून घरी. दामिनीनं कागदावर सही केली. आमच्या मागच्या रेघेपलीकडं पांढरे तंबू होते. तो मौनाचा कँप. चार दिवस तिथं कोणी तोंडातून शब्द काढत नोतं. मी म्हटलं, बरं आहे, भांडण तर नाई होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनी सगळ्या कँपवाल्यांच्या बैठकीले गेली. आम्ही साड्या खोचल्या अन् ओळीनं उभ्या झालो. वरची रेती कोरडी, पण चार बोटं खाली ओल होती, काडी घट्ट बसे. जनाबाईनं गाणं उचललं. मंग काय सांगू? हात असे चालाले लागले का सहा महिन्यांची कसर निघाली. समोर हिरवं पसरत चाललं, वाऱ्यानं पट्ट्या लवत होत्या, अन् माह्या छातीत आनंद मावे ना. मी मागं सरकत राहिली. टाच धुऱ्याची वाट पाहात होती, अन् धुरा काही लागे ना.

लागन कसा? तिथं धुरा होताच कुठं? होती ती चुन्याची रेघ, अन् ती पहाटेच्या वाऱ्यानं रेतीखाली गेली होती. तीस वर्सांची सवय, एकीनंही मान वर केली नाई.

शेवटी ललिताबाई ओरडली, धुरा लागला वो. अन् पाठीवर धपकन पडली. धुरा कायचा, तो मौनवाल्यांचा तंबू होता. तंबू बसला, अन् त्याच्याखालून एक बाई रांगत बाहेर आली. डोक्याचे केस पूर्ण काढलेले, पन्नाशीची असन. तिनं ललिताबाईले पाह्यलं, मंग आपल्या तंबूंमधून गेलेल्या हिरव्या ओळी पाह्यल्या.

तेवढ्यात योगेंद्र अन् मागं दामिनी धावत आली. पोरीचं तोंड पांढरं पडलं. योगेंद्र म्हणे, रेघेबाहेरचं सगळं आत्ताच्या आत्ता उपटा, नाईतर कँप बंद. माह्या डोक्यात तिडीक गेली.

"पऱ्हे उपटतात ते रोवासाठी," मी म्हटलं. "रोवलेलं कोणी उपटत नाई."

"मोठीमाय, कँप जाईन आपला," दामिनी म्हणाली अन् रडाले लागली.

तिचं रडणं पाहून माहा राग उतरला. चूक तर माहीच होती, ओळ मीच चालवत होती. दोन वर्सं खपून पोरीनं ही जागा मिळवली होती, अन् बोलावून बोलावून तिनं बोलावलं कोणाले, तर आम्हाले. मी खाली वाकली. हाताशी आला तो पऱ्हा जनाबाईच्या लुगड्याचा होता. मी डोळे मिटून तो धरला.

तर माहं मनगट कोणीतरी पकडलं. ती मौनवाली बाई. तिनं माहा हात बाजूले केला, पोत्यातून एक जुडी उचलली, अन् वाकून आपल्याच तंबूच्या दारात रोवाले लागली. तिच्या मागून तिच्या कँपातले सगळे आले. योगेंद्रनं विचारलं, तुमची काही तक्रार नाई का? बोलन कोण? बाईनं पायानं रेती सरकवली, खालची रेघ उघडी केली, अन् तळव्यानं पुसून टाकली. योगेंद्रनं जरासा विचार केला अन् कागदावर दोन्ही कँपांचं मिळून एक नाव लिहिलं.

पण ती बाई रोवे कशी? समोर तोंड करून चाले अन् आपलंच रोवलेलं तुडवे. मी तिच्या कमरेले धरून तिले मागं सरकवलं. मागं चाल बाई, मागं. दुपारपर्यंत ओळीत दीड-दोनशे लोक झाले. आरशांवाले आले, पतंगवाले आले, जिलेबीवालाही आला. जुड्या सरल्या तर लोकांनी आपापले रुमाल अन् ओढण्या फाडल्या. धान लाल झालं, पिवळं झालं. इकडून ललिताबाई ओरडे, ओळ वाकडी होऊन राहिली, अन् तिकडं दीडशे शिकलेले लोक घाबरून सरळ होत.

ऊन कलतं झालं तव्हा ती बाई माह्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी झाली. चार दिवसांचं मौन तिनं तिथं मोडलं.

"और कितना पीछे जाना है?"

"धुरा लागेपर्यंत," मी म्हटलं.

अन् तीस वर्सांत पहिल्यांदा, हातात जुडी असताना, मी मागं वळून पाह्यलं. धुरा कुठंच नोता. रेतीच रेती, सगळी रोवाची बाकी.

मी डोळे पुसले, जनाबाईले म्हटलं गाणं उचल, अन् वाकली.