डबा तोच नाही, खाऊ तोच

"डब्यात काय हाय ते ओयखा वं पोरीहो!"

दर कोजागिरीला डबे वाजवणाऱ्या कुसुमताईंचा हा आवाज माझ्या कानात आहे. मला कान नाहीत, तरी आहे.

मित्रांनो, मी संगणकाच्या प्रोग्राममधली एक जुनी मेथड आहे. माझं काम एवढंच: दोन याद्या समोर आल्या की त्या सारख्या आहेत का ते सांगायचं. 'हो' किंवा 'नाही'. तिसरा शब्द मला दिलेला नाही, आणि राग-लोभही नाही.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत मयुरानं मला लिहिलं. ती बसनं नागपूरला कॉलेजात जायची, प्रोग्रामिंग शिकायची. वसाहतीत दर वर्षी कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली गाणी म्हणतात आणि मग बंद डबा वाजवून आतली खिरापत ओळखतात. कोजागिरीला पाच घरांचे पाच डबे. जी सगळे ओळखेल, तिला पहिला घास. मयुराला वाटलं, याचा निकाल संगणकानं द्यावा.

सुरुवातीला मी अगदी अडाणी होते. दोन याद्यांत तोच खाऊ असला, तरी मी 'नाही' म्हणे. कारण माझ्या लेखी प्रत्येक यादी म्हणजे एक डबाच; मी डबा बघायची, आतलं नाही. हा डबा म्हणजेच तो डबा का? नाही. संपलं.

"अवं, झाकण उघडून तं पाय!" मयुरा माझ्यावर करवादली. मग तिनं मला शिकवलं: पहिला जिन्नस पहिल्याशी ताडायचा, दुसरा दुसऱ्याशी.

त्या कोजागिरीला माझं फार कौतुक झालं. कुसुमताईंनी खरी यादी मयुराच्या कानात सांगितली आणि तिनं ती मला दिली: करंजी, चिवडा, करंजी, खोबऱ्याची वडी, मुरमुऱ्याचा लाडू. मग डबे वाजवत त्या गुणगुणू लागल्या,

डब्यावर डबा, डब्याले झाकण
आतल्या गोडाची कोनाले राखण?

बाकीच्या मुली चुकल्या. शेवटी मयुराची जिवाची मैत्रीण रितिका उठली. हाती येईल तो डबा कानाशी धरत म्हणाली, "लाडू. वडी. दोन करंज्या. अन् चिवडा!"

मी म्हणाले, 'नाही.'

डबे उघडले. आत नेमकं तेच.

"माहे पाचही बरोबर आले ना!"

मी क्रमानं बघते, हे मयुराच्याही तेव्हाच लक्षात आलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"क्रम चुकला वं. घरांच्या क्रमानं सांगा लागत होतं."

"हे कवा ठरलं?"

"मशीन काय खोटं बोलते का?"

"आता कम्प्युटरशी भांडते का वं रितिका?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. रितिकानं आपल्या घरचा डबा उचलला, झाकण लावलं आणि निघून गेली. पुढल्या वर्षी कोजागिरीला चारच डबे आले.

मला कुणी उघडलं नाही. माझ्यावर धूळ बसत नाही, कोराडीची राखही नाही. विसरलेलं असणं म्हणजे काय, हे मला नुसतं माहीत आहे.

यंदा मयुरानं मला पुन्हा उघडलं. आधी क्रम न बघणाऱ्या टोपलीत सगळं ओतलं, पण ती टोपली एक जिन्नस एकदाच ठेवते, म्हणून दोन करंज्यांची एकच झाली. एका घरचा डबाच नाहीसा. मग तिनं मला प्रत्येक जिन्नस किती वेळा आला ते मोजायला शिकवलं. रितिकाची जुनी यादी समोर ठेवली. मी म्हणाले, 'हो.'

मित्रांनो, मला नुसतं 'सारखं आहे का' असं विचारू नका. सारखं म्हणजे काय, तोच डबा, तोच क्रम की तोच खाऊ, ते आधी तुम्ही ठरवा. आणि ठरवलं नसेल, तर माझ्या 'नाही'आड उभं राहू नका.

मयुरा लॅपटॉप घेऊन रितिकाच्या क्वार्टरवर गेली.

"काहून आली?" रितिकानं दार अर्धंच उघडलं.

मयुरानं स्क्रीनवरचा 'हो' दाखवला. रितिकानं तो वाचला.

"मशीननं तं म्हटलं. तू कवा म्हणशीन?"

लॅपटॉपचं झाकण मिटलं. आत मी, डब्यातल्या खाऊसारखी. मग मयुराचा आवाज आला.

"क्रमाचा नियम नव्हताच वं. डबे उघडल्यावर मी बनवला. तूच जिंकली होती."