पासिंगची चाके

गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा कुशाबा बादलीभर पाणी घेऊन लालबागच्या चाळीसमोर आपल्या टॅक्सीपाशी उकिडवा बसला होता. भोंग्याआधी उठावे, नळावर दोन बादल्या भराव्यात, एक बायकोला, मालनला, द्यावी आणि एक गाडीला, हा त्याचा बारा वर्षांचा नेम. आधी काचा, मग टप, मग दारे आणि शेवटी चाके. फडके पिळून पुढच्या दांडीवर वाळत टाकले की चहाला वर जायचे. एकोणीसशे एकोणसाठ सालातल्या त्या बुधवारीही क्रम तोच राहिला. फक्त चाके त्याने पुसली नाहीत. ती उतरवायचीच होती.

गाडीचे आज पासिंग होते. सरकारी तपासनिसाने ब्रेक, दिवे, मीटर, टायर पाहून शिक्का दिला, की उद्या सकाळी ती वरळीच्या बीडीडी चाळीतल्या बुधाजीला विकायची. कुशाबाला अठ्ठावन्नावे लागले होते. दिवेलागणीनंतर समोरची माणसे त्याला धुक्यातून चालत आल्यासारखी दिसत, आणि त्यांपैकी एखादे चाकाखाली येण्याआधी आपण गाडी सोडावी, असे त्याने ठरवले होते. अडचण होती ती टायरांची. चारही इतके गुळगुळीत झाले होते, की त्यांवरून हात फिरवला तर कुठे अडत नसे.

मात्र पासिंगपुरती त्यावर तोड होती. एकाच मापाची चाके असलेल्या पाच टॅक्सीवाल्यांनी वर्गणी काढून चार उत्तम चाके घेतली होती. ती त्या पाचांतल्याच गणपतच्या भोईवाड्यातल्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असत. ज्याचे पासिंग असेल त्याने ती सकाळी चढवायची, शिक्का मिळवायचा आणि संध्याकाळी परत करायची. मुलगी दाखवताना शेजारणीचा चपलाहार घालावा, तसे.

गणपत हातगाडीवर चाके घालून आला. "कुशाबा, नवरी उठली काय रे?"

"उठली. न्हाली पण."

"मग आण इकडे, पैंजण चढवूया."

वरच्या गॅलरीतून मालन म्हणाली, "भावोजी, चार पायांची नवरी तुम्हालाच बरी सापडते!"

उतरवलेली चाके जिन्याखाली टेकवून कुशाबा निघाला. डिकीवर चाळीतल्या कुणीतरी चुन्याने 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे लिहिले होते. ते पुसायला त्याचा हात धजला नव्हता.

तपासनीस चष्म्यावरून पाहणारा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. त्याने ब्रेक दाबून पाहिला, हॉर्न वाजवला, मागे जाऊन ती अक्षरे वाचली.

"महाराष्ट्र होईल हो. आधी ही पास झाली पाहिजे."

"दोन्ही होतील, साहेब."

मग तो चाकापाशी वाकला. एका टायरच्या कडेला बोटभर लांबीचा जुना ओरखडा होता. त्यावर त्याने पेन्सिल टेकवली. "यांची नि माझी कुठेतरी भेट झालेली आहे."

"टायर सगळे सारखेच दिसतात, साहेब."

"लांबून माणसेसुद्धा." त्याने कागदावर शिक्का मारला. "गाडीवर आज जे आहे ते मी पाहिले. घरी जाऊन जे होईल ते तुम्ही पाहायचे."

कुशाबा परतला तेव्हा बुधाजी आणि त्याची बायको बकुळा वाट पाहत उभी होती. बुधाजीने याच आठवड्यात गिरणीतले माग सोडले होते. टॅक्सीचा परवाना हाती आला होता.

"जय भीम, मामा."

"जय भीम. झाली पास."

"पाचव्यांदा आलेत बघायला," बकुळा म्हणाली. "मला बघायला एकदाच आले होते."

"तुझ्यावर सरकारी शिक्का नव्हता ना. तेव्हा नशिबावर सोडलं."

"मग आता बघा नीट. ही परत माहेरी जायची नाही."

बुधाजीने खाली बसून टायरच्या खाचेत अंगठा रुतवला. त्याचा चेहरा उजळला. "इंजिन म्हातारं आहे, ते कळतं मला. पण पाय घट्ट आहेत. पावसात परळच्या पुलावरून उतरायचं म्हणजे पाय पाहिजेत. काय मामा?"

"पाहिजेत," कुशाबा म्हणाला.

ती दोघे गेल्यावरही तो गाडीपाशीच राहिला. गुळगुळीत टायरांवर तो स्वतः दोन पावसाळे निभावला होता. पण गाडी कुठे घसरते आणि ब्रेक किती पावले आधी दाबायचा, हे त्याच्या पायाला ठाऊक होते. ते शहाणपण कागदाबरोबर देता येण्यासारखे नव्हते.

चारच्या सुमारास गणपत रिकामी हातगाडी घेऊन आला. "चल, दागिने उतरव."

कुशाबा हलला नाही.

"अरे, सगळेच करतात!"

"सगळे करतात ते आपल्या गाडीला. शिक्का घेऊन विकली कुणी आजवर?"

गणपतने हातगाडीचा दांडा खाली टेकवला. "मग सांग त्याला, टायर बदल म्हणून."

"सांगितलं तरी तो तश्शीच नेईल. माग सोडून बसलाय. टायर कुठून आणील?"

"मग तूच घाल नवे, हरिश्चंद्रा!"

गणपतने हे थट्टेत म्हटले होते. कुशाबा मात्र जिना चढून वर गेला. मालन तांदूळ निवडत होती.

"गावच्या घराची कौलं यंदा राहू देत," तो म्हणाला.

तिने सुपातून मान वर केली नाही. "वाटलंच मला. शिक्का मिळालेल्या माणसाचं तोंड असं नसतं."

"पडवी गळेल."

"गळू दे. पडवीत तुम्हीच निजता." आणि तिने उठून फळीवरचा पैशांचा डबा त्याच्या हातात दिला.

जिन्याखालची चाके हातगाडीवर घालून तो आणि गणपत रे रोडला गेले. तिथल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे कुशाबाने बुधाजीसारखाच प्रत्येक खाचेत अंगठा घालून चार वापरलेले पण धडधाकट टायर निवडले आणि आपल्या चाकांवर चढवून घेतले. उतरवलेले गुळगुळीत टायर व्यापारी हसत मागू लागला. त्याच्या मते ते अजून कुणाच्या तरी गाडीला वर्षभर चालले असते. कुशाबाने ते दिले नाहीत.

चाळीसमोर चाके बदलली गेली. पाच जणांची चाके घेऊन गणपत भोईवाड्याकडे निघाला, तेव्हा गुळगुळीत टायर त्याच हातगाडीवर टाकून कुशाबा बरोबर चालू लागला. नाक्यावर टायरच्या रबराचे तळ लावून चपला शिवणारा एक कारागीर बसत असे. कुशाबाने चारही टायर त्याच्यापुढे ठेवले.

"काय घेणार?"

"काही नको. आत्ता चिरा."

गणपत हातगाडी ओढत पुढे गेला. कारागिराने रापी ओली करून पहिला टायर पायाखाली धरला. चौथा चिरला जाईपर्यंत कुशाबा तिथेच उभा राहिला.