चोरीला न गेलेली चहादाणी

खरं तर मी हे कुणाला सांगायचं नाही. चांदीच्या भांड्यांनी चकाकावं, ओतावं आणि गप्प बसावं, अशी आमच्याकडची रीत. पण आता मला या सगळ्यांचीच किळस आली आहे.

मी ऑल्डनांच्या घरची चहादाणी. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर त्यांचा बंगला आहे. घरची मुलगी विनिफ्रेड, तिच्या आजीच्या लग्नासाठी मला घडवलं. आजीच्या माहेरच्या नावाची अक्षरं माझ्या पोटावर कोरली आहेत. डीलिया नावाची आयरिश मोलकरीण मला रोज मऊ फडक्याने पुसायची. पुसताना स्वतःशीच गुणगुणायची.

मग घरातला पैसा आटला. मेजवान्या मात्र आटल्या नाहीत. दारूबंदी आली, तसे घरचे माझ्यात चहाऐवजी जिनची चोरटी दारू भरू लागले. "पोलीस आले तर चहा, नाही आले तर औषध!" असं म्हणून खिदळायचे. कपांच्या काठांना ओठांची लाली आणि बशांमध्ये सिगारची ओली राख!

एके सकाळी विनिफ्रेडच्या आईने मला शालीत गुंडाळलं, स्वतःच्या तोंडावर टोपीची जाळी ओढली आणि न्यूयॉर्कच्या एका दुकानात नेऊन विकलं. विनिफ्रेड शेजारीच उभी होती, हातमोज्यांची बटणं लावत.

दुकानातून मला ऑटो क्रेमरने घेतलं. मोटारीचे टायर विकून नुकताच श्रीमंत झालेला माणूस. विनिफ्रेडवर त्याचा जीव होता. दुकानदाराने विनिफ्रेडला ओळखलं होतं. मला कोण विकून गेलं ते त्याने सांगितलं, तसा ऑटो हरखला. आजीची वस्तू परत मिळाली की विनिफ्रेड आपल्याला हो म्हणेल, असं त्याला वाटलं. जुन्या घराण्यांना विकलेली वस्तू परत नको असते, हे त्या भाबड्याला कोण सांगणार?

त्याने निम्मा किनारा चहाला बोलावला आणि सगळ्यांसमोर मला विनिफ्रेडच्या हातात दिलं.

"विनी, तुझ्या आजीची आहे ही. आता मला एवढंच विचारायचंय..."

"अगं बाई, ही तर चोरीला गेलेली!" एक म्हातारी पाहुणी माझी अक्षरं बघून ओरडली. "तुमच्या त्या आयरिश पोरीने नव्हती का लांबवली?"

"टायरवाल्याकडे सगळं गोल फिरून येतं!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

तेव्हा पाहुण्यांच्या कुजबुजीतून मला कळलं. मायलेकींनी माझी चोरी डीलियाच्या माथी मारली होती. तिला हाकललं होतं, आणि चोर म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या एकाही घराने तिला कामावर घेतलं नव्हतं.

"काय रे क्रेमर, कुणी विकली ही?" म्हातारीने विचारलं.

विनिफ्रेडची बोटं माझ्या मुठीवर आवळली. तिने ऑटोकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, हुकूम होता. ऑटोला ते कळलं. एक वाक्य पुरलं असतं. मी मनात ओरडत होते, बोल रे, बोल!

"नाव नाही ठाऊक," तो म्हणाला. "दुकानदार म्हणाला, कुणी मुलगी होती. आयरिश असावी."

लोक याला प्रेम म्हणतील. मला ओकारी आली.

"बघा, आम्ही सांगत नव्हतो?" विनिफ्रेड म्हणाली. मग त्याच्याकडे न बघताच, "चोरीचा माल घेणाऱ्याच्या घरी आमचं येणं बरं नाही दिसणार, मिस्टर क्रेमर."

आणि मला काखेत मारून निघाली. तो पायरीवर उभा राहून हात हलवत होता. खोटं बोलूनही तिच्याकडून काहीतरी मिळेल, अशी आशा होती त्याला.

आज विनिफ्रेडचं लग्न आहे, एका बँकवाल्याच्या मुलाशी. भेटवस्तूंच्या टेबलावर मी मधोमध आहे. येणारा जाणारा माझ्या पोटावर टिचकी मारतो आणि विचारतो, "हीच का ती चोरलेली?" विनिफ्रेड गोड हसून मान डोलावते. तिच्या पांढऱ्या हातमोज्यांचा स्पर्शही मला नकोसा होतो.

"आण गं ती चहादाणी इकडे! पाहुणे कोरडे बसलेत!" विनिफ्रेडची आई नव्या मोलकरणीला ओरडते.

आली ती मला न्यायला. आता पुन्हा जिन. ऐका, वेळ नाही. तुम्हाला कुठे डीलिया भेटली, तर तिला एवढंच सांगा, की डीलिया, तू चोर...