तिसऱ्या खिळ्यापर्यंतचं पाणी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. कुंता जाळं घेऊन आधीच बसली होती. हेमराजने उजवा पाय आत टाकला, मग डावा, आणि पाणी माझ्या तिसऱ्या खिळ्याला लागलं. टोपली अजून रिकामीच होती. काठावरून दादाजी ओरडले, "उतर रे बाप्पा! डुबवतं काय बुढ्याले?"

तो बुढा म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला तलाव आहे, त्याच्या काठी माझं घर. बावीस वर्षांपूर्वी वादळात इथलं एक आंब्याचं झाड पडलं. पोचू सुताराने त्याचं खोड एकोणीस दिवस वाकसाने कोरलं, वरून डांबराचे दोन हात दिले, आणि मी पाण्यात उतरलो.

पहिल्याच दिवशी दादाजींनी माझ्या कुशीवर पितळेचे तीन खिळे ठोकले, बोटभर अंतराने एकावर एक. पहिल्या खिळ्यापर्यंत पाणी आलं तर दोन माणसं बसली आहेत असं समजायचं. दुसऱ्यापर्यंत आलं तर सोबत ओलं जाळंही आहे. तिसऱ्यापर्यंत आलं तर माशांची टोपलीसुद्धा भरली. तिसरा खिळा बुडू लागला की काहीतरी खाली उतरवायचं, माणूस नाही तर मासा. हा नियम कोणी मोडला नाही, म्हणून मी आजवर एकदाही उलटलो नाही.

दादाजी बांबूने मला ढकलायचे आणि त्यांची बायको रुखमाबाई जाळं सोडायची. रुखमाबाईचे गुडघे दुखू लागले तेव्हा तिच्या जागी सून कुंता बसली. एका वर्षी मी एका फेरीत एकतीस किलो रोहू आणि कटला काठाला आणला. त्या दिवशी माझ्या नाकाला हळद-कुंकू लागलं. पुढे दादाजींची नजर अधू झाली आणि मी एक पावसाळा मोहाच्या झाडाखाली पालथा पडून राहिलो. माझ्या पोटाखाली कोंबड्यांनी अंडी घातली. मुंग्यांनी कुठे कुठे पोखरलं, ते मी सांगत बसत नाही.

गेल्या सप्टेंबरात दादाजींचा मुलगा हेमराज गावी परत आला. कुंता ही त्याचीच बायको. अकरा वर्षं तो मोहर्लीला एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी होता. त्याने मला सुलटं केलं, खरवडलं, डांबर लावलं. मी फार सुखावलो. मग ऑक्टोबरात सुरुवातीला सांगितलेली ती सकाळ उजाडली, आणि त्याच दिवशी मच्छीमार संस्थेच्या काट्यावर हेमराज उभा राहिला. काटा एक्क्याण्णव किलोवर थांबला. दादाजींचं वजन छप्पन्न.

"माशाईची जागा तुमीच घेऊन बसले," कुंता म्हणाली.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मार्चमध्ये तलावाचं पाणी उतरलं की संस्थेची मोठी मासेमारी होते. त्या दिवशी डोंग्याने दोन माणसं, जाळं आणि निदान पंधरा किलोची टोपली पेलली पाहिजे. तेवढं पेलत नसेल तर तो डोंगा काठावर बसतो. हेमराजने पंधरा किलो उतरवले नाहीत, तर वडिलांच्या डोंग्यातली जागा त्याला मिळणार नव्हती. कुंताने स्वतःची सोय आधीच सांगून टाकली होती. "नाई जमलं तं मी इसरूभाऊच्या डोंग्यात जाईन. तुमी काठावर बसून मसाला वाटा."

दादाजींनी पाच-पाच किलोचे तीन दगड संस्थेच्या काट्यावर तोलून आणले आणि मोहाखाली मांडले. पाच किलो घटले की एक दगड माझ्या पोटात ठेवायचा. तिन्ही दगड आत आल्यावर पाणी तिसऱ्या खिळ्याच्या वर गेलं नाही, तर हेमराज पास.

हेमराज तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालू लागला. पलीकडच्या काठावर वाघ पाणी प्यायला येतो, म्हणून पूर्ण फेरा कोणी मारत नाही. उजाडल्यावर मोहापासून सांडव्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, अशा चार खेपा, म्हणजे तासभर चाल. एकवीस दिवस त्याने एकही खेप चुकवली नाही. बाविसाव्या दिवशी तो माझ्यात बसला. पाणी जिथल्या तिथे, तिसऱ्या खिळ्याला.

"खिळाच खाली सरकला असंल," हेमराज म्हणाला.

"हो, तुले पाहून भेला तो," दादाजी म्हणाले.

मग हेमराजने जेवण सोडलं. सकाळी चहा आणि संध्याकाळी एक केळ, एवढंच. चौथ्या दिवशी तलावाच्या मधोमध त्याच्या हातातून बांबू सुटला आणि तो माझ्या तळाशी आडवा झाला. बांबू वाहत गेला. कुंताने डब्याची थाळी काढली आणि थाळीने पाणी मारत मला काठापर्यंत आणलं.

उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका रीताताई काठावरच आल्या. त्यांनी हेमराजला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, रक्तदाब पाहिला आणि माझ्या कडेवर बसून त्याला समजावलं. "हेमराजभाऊ, डोंग्यात पाणी झिरपते तवा तुमी काय करता?"

"उपसतो."

"आन् झिरप तशीच ठेवली तं?"

"मंग उपसतच राहा लागते."

"तसंच हाय. थाळीभर भाताच्या तीनशे कॅलरी पोटात येतात. तुमी तासभर चालता तवा जवळपास तेवढ्याच जातात. चालणं म्हंजे उपसणं. पन आत किती येऊन राह्यलं, ते कोनं पाह्यलं? आन् जेवणच बंद केलं तं उपसणारा माणूसच पडते. आठवड्याले अर्धा किलो उतरला तरी लय झालं."

मला जन्मभराचा अनुभव आहे, म्हणून ही गोष्ट मला लगेच पटली. हेमराजला मात्र पटेना. "उपासाच्या आधीबी मी लय जेवत नव्हतो, ताई. दोन टाइम दोन वाट्या भात, वरण, लाखोरीची भाजी. विचारा हिले."

कुंताने मान डोलावली. ते खरंच होतं. मग पाणी झिरपत होतं कुठून?

ते रुखमाबाईने शोधलं. रविवारी जाळी दुरुस्त करायला वीस माणसं काठावर जमली होती आणि रस्सा करायचं काम अर्थातच हेमराजकडे होतं. रुखमाबाई माझ्या सावलीला गुडघे पसरून बसली. तिने शेजारी एक लहान गंज, म्हणजे पातेलं, ठेवला. हेमराजने मीठ बघायला पळीभर रस्सा तोंडात टाकला की तीही तेवढाच रस्सा गंजात टाकायची. त्याने तळलेल्या मासोळीचा तुकडा चाखला की तिनेही एक तुकडा टाकला. भात शिजला का, तिखट बसलं का, तेल सुटलं का, म्हणून तो चाखत गेला आणि ती भरत गेली. दुपारी एक वाजता गंज काठोकाठ भरला.

तिने तो उचलून लेकापुढे ठेवला. "बाबू, हे पाह्य. आज तू हे नाई जेवला."

हेमराज गंजाकडे बघत राहिला. "माय वो! एवढं?"

"अकरा वर्सं रोज एवढं, सोन्या."

वीस माणसं हसली. सगळ्यात शेवटी हेमराजही हसला. स्वयंपाकी पाटावर बसून जे खातो तेवढंच जेवण मोजतो. उभ्याने चाखलेलं त्याच्या हिशेबात येत नाही. माझ्यातलीही झिरप अशीच होती. मुंगीने पाडलेली भोकं सुईएवढी होती, पण रात्रीतून पाणी घोट्यापर्यंत चढायचं.

त्या दिवसापासून चाखायचं काम दादाजींकडे गेलं. त्यांना प्रत्येक रस्सा फिक्का लागतो, म्हणून ते पुन्हा चाखायला मागतात. पोटभर जेवायचं, पण तळलेलं आठवड्यातून एकदाच, असं हेमराजने ठरवलं. चार खेपांच्या पाच झाल्या. रोज सकाळी मला एकट्याने सांडव्यापर्यंत ढकलत नेऊन आणायचं, हेही त्यात आलं. डिसेंबरच्या शेवटी पहिला दगड माझ्या पोटात बसला. लग्नाच्या दोन पंगतींनी जानेवारीत दीड किलो परत आणला. पण या वेळी हेमराजने जेवण सोडलं नाही आणि चालही सोडली नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस दुसरा दगड आत आला. दरम्यान दादाजींचं वजन दोन किलो वाढलं आहे, पण ते आता डोंग्यात बसत नाहीत, त्यामुळे तक्रार नाही.

मित्रांनो, मला दर वर्षी थोडं डांबर आणि रोज थोडं उपसणं लागतं. दोन्ही मिळालं तर मी आणखी वीस वर्षं तरंगेन. तुमच्या शरीराचंही तसंच आहे. त्याला उपाशी मारू नका आणि ठासून भरूही नका. तुमच्या कुशीवर खिळे ठोकलेले नाहीत, म्हणून आत काय येतं त्यावर तुमचं तुम्हीच लक्ष ठेवा. पाणी वाढलेलं दिसलं तर घाबरून सगळं फेकून देऊ नका. आधी झिरप शोधा, मग शांतपणे उपसा.

आज मार्चची सात तारीख आहे. मोठी मासेमारी नऊ दिवसांवर आली आहे. काल संस्थेच्या काट्यावर हेमराज एकोणऐंशी किलो भरला, म्हणजे बारा उतरले, तीन बाकी. नऊ दिवसांत तेवढे उतरणार नाहीत, म्हणून तिसरा दगड आजच ठेवून पाहायचं ठरलं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो माझ्यात येऊन बसला. दोन दगड पोटात, जाळं नाकाशी, आणि कुंताच्या जागी तिच्याच वजनाची रुखमाबाई. पाणी तिसऱ्या खिळ्याच्या जरासं खाली थांबलं. तिसरा दगड उचलून कुंता काठावर उभी राहिली.

"ठेवू काय?" तिने विचारलं.

दादाजी डोळे बारीक करून माझ्या कुशीजवळ वाकले. "मले दिसून नाई राह्यलं. वाऱ्यानं पाणी हलते. थांबू दे जरा."

हेमराज श्वास रोखून बसला आहे. पाणी खिळ्याला लागतं, सुटतं, पुन्हा लागतं. दगड अजून कुंताच्या हातात आहे.