उल्का आली तेव्हा मी विझलो

मी एक जुना रस्त्यावरचा दिवा आहे. माझा खांब गंजला आहे, मान वाकली आहे आणि मनात सूड आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

मित्रांनो, मी कारखान्यातून आलो तेव्हा माझी काच लखलखत होती. माझ्या डोक्यावर एक छोटा डोळा आहे. अंधारलं की तो मला लावतो, उजाडलं की विझवतो. माझ्या खाली टाकेमामा बसतात. फाटक्या चपला-बुटांना टाके घालून घालून त्यांना हे नाव पडलं. त्यांचं गिऱ्हाईक कामावरून सुटल्यावर, दिवेलागणीलाच येतं. मी नसलो तर त्यांची चूल थंड. घरी जाताना ते माझ्या खांबावर थाप मारून म्हणतात, "येतो रे बाबा."

समोर बुटांचं मोठं दुकान आहे. जुना बूट शिवून मिळत असेल तर नवा कोण घेणार? टाकेमामा त्या दुकानदाराच्या डोळ्यांत खुपायचे. म्हणून त्याने दोनदा माझी काच फोडली आणि वर तोंड करून म्हणाला, "पोरांचे प्रताप, दुसरं काय!" बोलणी पोरांनी खाल्ली. मामा कितीतरी संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी गेले. तेव्हाच मी ठरवलं, याचं उट्टं काढायचं. पण खांबाला हात कुठे असतात?

त्या संध्याकाळी मी नुकताच लागलो होतो. मामा चहाला गेले होते, रस्ता रिकामा होता. दुकानदार शिडी लावून हातोडी घेऊन वर आला. त्याचा श्वास माझ्या काचेवर येत होता. त्याने हातोडी उगारली आणि एवढ्यात आकाश पेटलं. हिरवट-पांढरा आगीचा गोळा ठिणग्या सांडत छपरांवरून निघाला. रस्त्यावरच्या सावल्या गर्रकन फिरल्या. लोक खिडक्यांशी धावले, सगळ्यांच्या माना वर. आणि वर, त्या उल्केच्या अगदी पुढ्यात, हातोडी उगारलेला दुकानदार!

माझ्या खुळ्या डोळ्याला वाटलं, उजाडलं. त्याने मला विझवलं. गोळाही दिसेनासा झाला आणि दिपलेल्या नजरेपुढे, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख पडला.

"अहो, कोणी आहे का? पायरी सापडत नाहीये!" दुकानदार माझ्या मानेला मिठी मारून ओरडू लागला.

आम्हा जुन्या दिव्यांना पुन्हा लागायला वेळ लागतो, हे खरं. पण त्याहून खरं सांगू? मला लागायचंच नव्हतं. पड, मी मनात म्हणत होतो, पड एकदाचा!

टाकेमामा धावत आले आणि त्यांनी शिडी धरली. "घाबरू नका मालक. डावा पाय खाली घ्या. मी आहे इथे."

मला मामांचा इतका राग कधीच आला नव्हता.

समोरच्या शिंपीणमावशी खिडकीतून ओरडल्या, "काय हो, हातोडीने तारा पाडायला चढला होतात का?" सगळा रस्ता हसला. पोरं तर पोट धरधरून हसली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लोकांनी बजावलं म्हणून, सगळ्यांदेखत दुकानदाराला माझ्या काचेभोवती जाळी बसवावी लागली. शिडी पुन्हा मामांनीच धरली. आता त्यांच्या जागेकडे वाकड्या डोळ्याने बघायची कोणाची छाती नाही. झालं गेलं मामा विसरले. मी नाही विसरलो. दुकानदार रोज मान खाली घालून माझ्याखालून जातो आणि मी त्याच्या टकलावर मुद्दाम लख्ख उजेड पाडतो.

मित्रांनो, आपल्या रस्त्यावरच्या दिव्याला जपा. त्याला दगड मारू नका. आणि मारायचाच असेल तर खुशाल मारा. फक्त एवढं लक्षात ठेवा, प्रत्येक शिडीखाली टाकेमामा नसतो.